दामू शुद्धीत होता

आमच्या पुतण्याने खारघरला नवा फ्लॅट घेतला. तो इतका उंच आहे की बाल्कनीतून खाडी एखाद्या रिबिनीसारखी दिसते आणि ओवे गावातली जुनी घरं कुठे गेली ते शोधावं लागतं. त्याची वास्तुशांत झाली, जेवणं उरकली, आणि नेहमीप्रमाणे मला मधल्या सोफ्यावर नेऊन बसवण्यात आलं. "काका, ती होडीची सांगा ना. हे माझे ऑफिसचे फ्रेंड्स, यांनी ऐकली नाहीये." मी सांगितली. मी ती चांगली सांगतो. कुठे थांबायचं, कुठे पोलिसाचा आवाज काढायचा, सगळं जमून गेलंय आता. मंडळी पोट धरून हसली. एक चष्मेवाला मुलगा म्हणाला, "सर, काय लाइफ जगलात तुम्ही. आम्ही नुसते लॅपटॉपसमोर म्हातारे होतोय." आणि मग त्यानेच, पाण्याचा घोट घेता घेता, अगदी सहज विचारलं, "ते तुमचे मित्र, दामूकाका, ते शेवटी पिऊनच पडले ना?"

"हो रे, सॅड आहे ते," माझा पुतण्या म्हणाला.

मी उठलो, चपला घातल्या आणि लिफ्टने खाली आलो. रिक्षा करून पनवेलला घरी आलो तेव्हा बायको माझ्या आधीच फोनवर सगळं ऐकून बसली होती. "वास्तुशांतीच्या दिवशी असं कुणी उठून येतं का?" तिने विचारलं. येतं. मी आलो. पुतण्याचा राग नाही माझा. तो पाळण्यात होता तेव्हापासून त्याला हेच सांगण्यात आलंय, आणि ज्यांनी सांगितलं त्यातले बरेचसे आता वर गेलेत, त्यांच्याशी भांडायची सोय उरलेली नाही. म्हणून माझ्या आठवणींत हे प्रकरण लिहितो. बाकीच्या प्रकरणांत मी विनोद केलेत, ते तिथे शोधावेत. इथे मला दामूबद्दल बोलायचं आहे, आणि रागाने बोलायचं आहे. माझ्या वयात डॉक्टर मिठाला नाही म्हणतात, तिखटाला नाही म्हणतात. रागाला अजून कोणी नाही म्हटलेलं नाही.

दामू आणि मी एकाच आळीतले. खाडीच्या काठाला आमची घरं पाठीला पाठ लावून होती, इतकी की त्यांच्याकडे बोंबील भाजले की आमच्याकडे भात जास्त जायचा. त्याचे वडील लवकर गेले. आई, हिरुबाई, डोक्यावर पाटी घेऊन पनवेलच्या बाजारात मासळी विकायची आणि तिचा आवाज आमच्या आळीच्या एका टोकाला निघाला की दुसऱ्या टोकाच्या कोंबड्या बाजूला व्हायच्या. मी तिला मावशी म्हणायचो. ती आम्हा दोघांनाही एकाच शिवीने हाक मारायची आणि एकाच ताटात वाढायची. पोरगेले होतो तेव्हापासून आम्हाला दारू नवी नव्हती. हळदीच्या मांडवात बापय, म्हणजे पुरुष मंडळी प्यायची, नवी होडी पाण्यात ढकलली की प्यायची, माणूस मसणात पोचवून आल्यावर प्यायची. आमच्याकडे कोणी लपवून पीत नव्हतं आणि त्याबद्दल कोणी कोणाला प्रवचनही देत नव्हतं. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे प्रवचन दिलं गेलं.

अमेरिकेला आम्ही कसे गेलो, आधी बोटीवर कोणतं काम केलं, हे मागे येऊन गेलंय. आम्ही उतरलो ते न्यू जर्सीतल्या एका नदीकाठच्या गावात, एका लाकडी घराच्या वरच्या मजल्यावर. ते घर सतत बोलायचं. जिना कुरकुरायचा, वारा आला की खिडक्या दात वाजवायच्या, आणि खोली गरम करणारे वाफेचे लोखंडी पाइप असे ठणठणायचे की आत कोणी लोहार कोंडलाय असं वाटावं. घरात आमच्याबरोबर शॉन नावाचा आयरिश माणूस राहायचा. वयाने आमच्या काकासारखा, केस तांबूस पांढरे, हात दामूच्या दुप्पट. तोही कुठल्याशा समुद्रकाठच्या मासेमारीच्या गावातून आलेला. आम्हाला त्याचं इंग्रजी कळायला सहा-सात महिने गेले आणि त्याला आमचं कधीच कळलं नाही, तरी पहिल्याच आठवड्यात आमचं जमलं. याचं कारण हिरुबाईचा मसाला. तिने दामूच्या बॅगेत कपड्यांपेक्षा मसाला आणि सुकट जास्त भरली होती. दामूने रविवारी सुकट परतली, सगळा मजला वासाने भरला, खालची बाई झाडू घेऊन छताला ठोकायला लागली, आणि शॉन त्याच्या खोलीतून बाहेर येऊन नाकाने वास ओढत म्हणाला, "हा तर माझ्या आजीच्या घराचा वास आहे." याचा अर्थ आम्हाला पुढे कळला. तो जेवायला बसला. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि तो खात होता. त्यानंतर रविवारी तो बटाटे उकडायचा, त्यावर लोणी आणि मीठ घालायचा, आणि दामू सुकट करायचा. बटाटा आणि सुकट एकत्र किती चांगलं लागतं हे मी आमच्या घरात कोणाला पटवू शकलेलो नाही.

काम रंगाऱ्याचं, शॉनही आमच्याबरोबरच. उंच जुन्या इमारती, त्यांचा जुना रंग खरवडायचा, भिंत घासायची, नवा रंग द्यायचा. थंडीत बोटं इतकी बधिर व्हायची की ब्रश हातात आहे का हे बघून खात्री करावी लागायची. मालकाचं नाव फ्रँक म्हणू. गोरापान, हसतमुख, सगळ्यांच्या खांद्यावर हात टाकणारा. दर शुक्रवारी काम सुटलं की फ्रँक आम्हाला कोपऱ्यावरच्या बारमध्ये न्यायचा आणि पहिला ग्लास स्वतः पाजायचा. "माझी पोरं," असं म्हणायचा बारवाल्याला. दुसऱ्या ग्लासाला तो निघून जायचा आणि आम्ही राहायचो. आम्ही किती प्यायलो याचा हिशेब मी देत नाही. लोकांना तोच हवा असतो. दामू टेबलावर चढून आमची हळदीची गाणी म्हणायचा, वल्ही मारल्यासारखे हात करून नाचायचा, आणि बारमधले ट्रकवाले त्याच्यामागे ओळीत उभे राहून तसेच हात करायचे. शॉन एकदा बर्फात आपल्या गावची वाट शोधत निघाला आणि एका शाळेच्या पायरीवर झोपला. मी एका माणसाशी एका शब्दावरून मारामारी केली आणि नंतर कळलं की त्या शब्दाचा अर्थ मला वाटला तो नव्हताच.

आणि होडी. एका रविवारी भर दुपारी, भरपूर झाल्यावर, दामूला नदीवर बांधलेली एक वल्ह्याची होडी दिसली. तो थांबला, तिच्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "बाळाराम, ही कशी बांधलेय बघ. ओहोटी लागली का उलटी व्हईल." आम्ही तिला सोडवायला उतरलो ते नीट बांधण्यासाठी. आमचा हेतू अत्यंत शुद्ध होता. पण एकदा पाय होडीत पडल्यावर आम्हा दोघांनाही हात आवरले नाहीत. आम्ही नदीच्या मधोमध गेलो. दामू गात होता, मी वल्हवत होतो, आणि नदीच्या पोलिसांची बोट शिट्टी वाजवत आमच्यामागे लागली तेव्हा दामूने त्यांना, ती मासळीवाल्यांची बोट समजून, मराठीत भाव विचारला. लोक इथे हसतात. मीही हसतो. पण त्या होडीत बसलेला दामू मला आठवतो तो वेगळा. वल्ही हातात घेतल्यावर त्याचा चेहरा असा झाला होता की नशा उतरल्यासारखी वाटावी. घरापासून इतक्या लांब त्याचे हात पहिल्यांदाच त्यांना येणारं काम करत होते. हे मी कोणाच्या वास्तुशांतीत सांगत नाही, कारण इथे कोणी हसत नाही.

पहिल्यांदा दारू सोडली शॉनने. त्याच्या लिव्हरचं काहीतरी निघालं. एका चर्चच्या तळघरात सोडलेल्या लोकांची बैठक भरायची, तिथे तो जाऊ लागला. मी त्याची टिंगल करायचो, दामू करत नसे. मग एक दिवस दामूही त्याच्याबरोबर गेला. मी विचारलं तर म्हणाला, "आयेचा फोन आलता. ती बोलत व्हती न मना काय बी आठवत नाय. फोन ठेवल्यावर शॉननं सांगितलं, तू रडत व्हतास. आयेशी काय बोललो ते मना ठाऊक नाय, म्हंजे काय?" एवढंच. त्यानंतर त्याने ग्लासाला हात लावला नाही. सगळा हिवाळा गेला, झाडांना पालवी आली, आणि दामू दर शुक्रवारी फ्रँकला "नो, थँक यू" म्हणत राहिला. फ्रँकला ते आवडायचं नाही. "काय रे, पाद्री झालास का?" असं तो हसून म्हणायचा. आम्हा बाकीच्यांना पाजायचा आणि दामूकडे बघायचा. संध्याकाळी दामू घरी जाऊन चहा करून शॉनबरोबर पत्ते खेळायचा आणि मी जिना चढताना धडपडलो की दार उघडून मला आत घ्यायचा. माझी सुटली नव्हती. माझी सुटायला पुढे खूप वर्षं गेली, आणि ती कोणत्याही उदात्त कारणाने सुटली नाही.

त्या सकाळी आम्ही एका गिरणीच्या जुन्या इमारतीला रंग देत होतो. बाहेरून लोखंडी नळ्यांची परांची बांधलेली, तिच्यावर लाकडी फळ्या टाकलेल्या. आठवडाभर पाऊस झाला होता. दामू वर चढला, त्याने वरच्या फळीवर एक पाय ठेवून दाबून पाहिलं आणि तो परत खाली आला. फ्रँक गाडीला टेकून कॉफी पीत होता. दामू त्याला त्याच्या मोडक्या इंग्रजीत म्हणाला, फळी खराब आहे, मऊ झालीय, बदलली पाहिजे. मी तिथेच रंग ढवळत होतो. फ्रँक म्हणाला, "दुपारी बघू. तेवढा कोपरा उरकून टाक." दामू माझ्याकडे बघून म्हणाला, "फळी कुजलेय रे," आणि चढला. का चढला असं मला आजही लोक विचारतात. ज्यांनी कधी कोणाच्या हाताखाली रोजावर काम केलेलं नाही, तेच हे विचारतात. चढला कारण चढ म्हणून सांगितलं होतं. थोड्या वेळाने लाकूड मोडल्याचा आवाज आला. फार मोठा नव्हता. मी धावलो तेव्हा फळीचा एक तुकडा त्याच्या अंगावर होता आणि दुसरा वर लटकत होता. शॉन खाली उतरून आला आणि त्याने दामूचं डोकं मांडीवर घेतलं. अँब्युलन्स यायच्या आधीच तो गेला.

दुसऱ्या दिवशी फ्रँक आमच्या जिन्याने वर आला. टोपी काढून हातात धरलेली. त्याने आधी दामू किती चांगला होता ते सांगितलं. मग म्हणाला, "उद्या एक बाई चौकशीला येईल. तिला फार घोळ घालू नका. तो थोडा घेऊन आला होता, तोल गेला. तुम्ही सगळे पिता हे सगळ्या गावाला माहीत आहे. यात कोणाची बदनामी नाही."

"तो पीत नव्हता," मी म्हणालो.

"बाळाराम, मी तुम्हाला इतकी वर्षं बघतोय."

"तूच पाजायचास म्हणून बघत होतास," शॉन म्हणाला. तो दाराशी उभा होता. "त्याने नाही म्हटलं तेव्हा तू त्याला पाद्री म्हणालास, तेही मी बघत होतो."

फ्रँकचं हसू गेलं. मी आधी कधी त्याचा चेहरा हसण्याशिवाय पाहिला नव्हता. तो मला म्हणाला, "पुढचा हिवाळा कुठे काढायचा याचा विचार कर," आणि उतरून गेला. जिना त्याच्या पायाखाली जरा जास्तच कुरकुरला.

चौकशीची बाई सभ्य होती. तिने मला फ्रँकच्या ऑफिसात बसवलं, पाणी दिलं. मी सगळं सांगितलं: दामूने किती महिने थेंब घेतला नव्हता, तो वर चढून परत का उतरला, फ्रँक काय म्हणाला. ती ऐकत होती. मग तिने विचारलं, "आदल्या रात्री तुम्ही स्वतः प्यायला होता का?"

"हो."

"सकाळी तुमचं डोकं ठिकाणावर होतं का?"

"दुखत होतं."

"म्हणजे तुम्ही पूर्ण शुद्धीत नव्हता, असं म्हणता येईल?"

"मी नव्हतो. तो होता," मी म्हणालो. त्यानंतर तिने पेन खाली ठेवलं आणि आवाज आणखी मऊ केला, तेव्हा मला कळलं की माझं बोलणं संपलंय. शॉनचंही तेच झालं. तो जुना दारुडा, त्याचं नाव पोलिसांना ठाऊक, मैताचा दोस्त. फ्रँक सुटाबुटात आला होता आणि त्याचे वकील त्याच्यासाठी खुर्ची ओढत होते. काहीच ठरलं नाही. अपघात नेमका कशाने झाला ते सांगता येत नाही, असं म्हणून सगळे उठले. मी खोटं बोललो असतो, रात्री देवळात भजन करत होतो असं म्हणालो असतो, तर कदाचित त्यांनी माझं ऐकलं असतं. मी माझ्याबद्दल खरं बोललो म्हणून दामूबद्दलचं माझं खरं कोणी धरलं नाही. इतकी वर्षं झाली, मी हे अनेक प्रकारे उलटंपालटं करून पाहिलं आहे, आणि यातून काही शहाणपण निघत नाही. नुसता संताप निघतो.

दामूला घेऊन मी घरी आलो. बातमी माझ्या आधी पोचली होती. फ्रँकच्या ऑफिसातून कोणीतरी फोनवर जे सांगितलं तीच बातमी. पनवेलात उतरल्यापासून जो तो माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणत होता, "दारू वाईटच रे." मी सांगायला लागलो की मान हलवायचे. मित्राची बाजू घेतोय, घेणारच, अशी ती मान होती. माझ्याच तोंडाला तेव्हा वास येत असे, मी नाकारत नाही.

दहाव्याला सगळे खाडीवर जमले. पिंड ठेवला, भात, तळलेली मांदेली, त्याच्या आवडीचं म्हणून. आणि त्याच्या बाजूला कोणीतरी दारूची चपटी ठेवली. झाकण उघडून, नीट, पानावर. सगळे लांब जाऊन उभे राहिले. कावळे समोरच्या चिपीच्या, म्हणजे खारफुटीच्या झाडांवर बसलेले, एकही खाली येत नव्हता. ऊन चढलं. दामूचे काका, गजाकाका, आमच्या आळीत ज्यांचा शब्द चालायचा, ते पोरांकडे वळून बोलायला लागले. "बघून ठेवा रं. परमुलखात गेला, पैसा हातात आला, न दारूनं खाल्ला त्याला. आपलाच पोर, पण खरं ते बोलावं लागतंय." माणसं माना हलवत होती. त्यातले अर्धे आदल्या रात्री गजाकाकांच्याच पडवीत बसून पीत होते.

मी पुढे झालो. "काका, त्यानं सोडली व्हती," मी म्हणालो. "तो शुद्धीत व्हता. मी सांगतोय, मी तितंच व्हतो."

"बाळाराम, तू गप बस," काका म्हणाले. "तुला तरी कुठं शुद्ध असतेय."

कोणीतरी हसलं. दहाव्याला, पिंडासमोर, कोणीतरी हसलं.

बायका मागे, होड्यांच्या सावलीला बसल्या होत्या. त्यातून हिरुबाई उठली. बायका तिला धरायला गेल्या, तिने हात झिडकारले. ती चिखलातून सरळ पिंडापाशी गेली, वाकली, ती चपटी उचलली आणि उलटी केली. सगळी दारू चिखलात जाईपर्यंत ती तशीच धरून उभी राहिली. मग बाटली खाडीत भिरकावली. काका म्हणाले, "वैनी, काय करतंस? पोराची विच्छा असंल."

"माज्या पोराची विच्छा मी सांगंन," ती म्हणाली. बाजारातला आवाज नव्हता तो, खूप खालचा होता. "तो मना फोनवर बोललेला, आये, मी सोडलेय. तुमच्यातल्या एकानं बी मना इचारला नाय."

मग ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. मला वाटलं आता ती मला मारणार, आणि तिने मारलं असतं तर मला बरं वाटलं असतं. ती म्हणाली, "तू सांग. सगलं सांग."

मी सगळं सांगितलं. पाऊस, परांची, तो चढला, पायाने दाबून बघितलं, उतरला, मालकाला सांगितलं. तिथे जमलेली सगळी माणसं होड्यांवर वाढलेली. कुजलेलं लाकूड पायाला कसं लागतं ते त्यांना मला समजावून सांगावं लागलं नाही. मी बोलत होतो आणि एकेक मान खाली जात होती. गजाकाका खाडीकडे बघत होते.

हिरुबाईने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग तिने विचारलं, "फळी कुजलेय असं त्यानं सांगितलेलं ना?"

"हो मावशी."

"मंग का नाय बदलली?"

अमेरिकेत मला दोन दिवस बसवून प्रश्न विचारले होते. किती पितोस, कधीपासून पितोस, कुठे पितोस, कोणाबरोबर पितोस. हा एक प्रश्न मला तिथे कोणीही विचारला नाही.